दिवसाआडचा थंडीताप, चिनी वैद्याची नाडी आणि छिंगहाओचा चहा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ग्वांगझोला नोकरीला. पावसाळ्यात तीन आठवडे पनवेलला घरी येऊन गेलात. परत गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी तीनच्या सुमारास हुडहुडी भरली, मग सडकून ताप, मग चादर भिजेल इतका घाम, आणि दुसऱ्या दिवशी इतके ठणठणीत की ऑफिसला गेलात. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत तीनलाच सगळं तसंच. असं चार वेळा झालं. घरमालकीण मूळची सिच्वानची, ती म्हणाली हे तर 'दा बाइझ', म्हणजे आपण 'थंडी वाजून ताप' म्हणतो तसलंच. ती तुम्हाला गल्लीतल्या चिनी वैद्याकडे घेऊन गेली, त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, 'शाओयांग' म्हणाले आणि 'श्याओ छाइहू थांग' नावाचा सात दिवसांचा काढा दिला. आता तुम्ही विचारताय की काढा बरोबर आहे का, आणि मलेरियावरचं नोबेलवालं औषध चिनी झाडपाल्यातूनच निघालंय तर त्याच छिंगहाओ नावाच्या झाडाचा चहा पिऊन भागेल का, हॉस्पिटलच्या भानगडीत कशाला पडायचं.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर निवांत. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलच्या ताप विभागात जा, चीनमध्ये त्याला 'फारअ मनजन' म्हणतात, आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोला की मी भारतातून आलोय. रक्ताची काच बघायला सांगा, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाचे परजीवी शोधायची तपासणी. पहिली काच निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर सोडू नका, पुढचे एकदोन दिवस परत द्या. अंगात ताप असताना गेलात तर चांगलंच, पण त्यासाठी थांबू नका. आणि मध्येच बडबड करायला लागलात, झोप आवरेनाशी झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा श्वास लागला तर मालकीणबाईला म्हणावं सरळ गाडी काढा.

गेलात? नसाल गेला तर वाटेत वाचा.

मी कोण ते सांगतो. मूळ एमबीबीएस. नव्वदच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो, तिथे मलेरिया काय चीज आहे ते पाहिलंय. तेव्हा ताप म्हटला की काच घ्यायची आणि रिपोर्ट यायच्या आधीच क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवायच्या, अशी पद्धत होती. नंतर तीन वर्षं छंगदूला चिनी वैद्यक शिकलो आणि आता वीसेक वर्षं नागपुरात ॲक्युपंक्चर आणि चिनी औषधांची प्रॅक्टिस करतो. सांगायचं कारण एवढंच की मी चिनी वैद्यकाची टिंगल करणारा नाही, माझं पोटच त्यावर आहे. त्यामुळे तुम्हाला जे सांगतोय ते घरातलाच माणूस सांगतोय असं समजा.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला वाटतंय प्रश्न 'चिनी औषध की ॲलोपॅथी' हा आहे. माझ्या मते तो तसा नाहीच. खरा प्रश्न आहे की तुमच्या वैद्यांनी ज्याला नाव दिलं तो आजार आणि हॉस्पिटल ज्याला मलेरिया म्हणतं तो आजार एकच आहे का. तर नाही. काही ठिकाणी एकमेकांवर येतात, पण एक नाहीत. हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

चिनीत शब्द आहे 'न्यूए'. त्याची चित्रलिपी बघितलीत तर बाहेर आजारपणाची चौकट आणि आत 'क्रूर', 'छळ' या अर्थाचं अक्षर. म्हणजे छळणारा आजार. जुन्या लोकांची कथा अशी की झ्वानशू नावाच्या प्राचीन राजाची तीन मुलं मेली आणि त्यांची रोगराईची भुतं झाली, त्यातलं नदीत राहायला गेलेलं ते न्यूएचं भूत. पाण्याशी नातं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं एवढं खरं, डास मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हता. आज चीनमधल्या डॉक्टरांनी मलेरियाला 'न्यूएजी' हाच शब्द घेतलाय, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण जुन्या पोथीतला न्यूए म्हणजे लक्षणांचा एक नमुना आहे, थंडी, ताप, घाम, आणि हे सगळं ठरल्या वेळी. त्या नमुन्यात मलेरिया बसतो, पण पू झालेलं लिव्हर बसतं, लघवीचं इन्फेक्शन वर किडनीत चढलेलं बसतं, कधीकधी टीबीही बसतो.

पण तो नमुना त्यांनी काय टिपलाय म्हणून सांगू! 'ह्वांगदी नेइजिंग' हा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ, त्याच्या 'सूवन' भागातला पस्तिसावा अध्याय पूर्ण न्यूएवर आहे आणि छत्तिसावा त्यावर सुया कुठे टोचायच्या यावर. पिवळा सम्राट विचारतो, वैद्य छी बो सांगतो. सुरुवात कशी होते तर अंगावर काटा येतो, जांभया येतात, माणूस आळोखेपिळोखे देतो, मग कुडकुडतो, दातावर दात आपटतात, पाठ-कंबर दुखते. थंडी गेली की आतबाहेर आग, डोकं फुटेल असं दुखणं, गार पाणी पाहिजे. मी गडचिरोलीत शेकडो पेशंट बघितले, गोधडीवर गोधडी टाकून वर घरातला माणूस झोपवलेला, आणि नंतर छंगदूला हा अध्याय वाचताना मला वाटलं हे लिहिणारा खाटेशेजारी बसून होता. जांभयांची गोष्ट तर मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

आणि मग सम्राट विचारतो तो प्रश्न भारी आहे. हा ताप ठरलेल्या वेळीच का येतो, कुणाला रोज येतो, कुणाला दिवसाआड, कुणाची वेळ दररोज थोडी पुढे सरकते, कुणाची मागे, हे कसं काय? इथे चिनी वैद्यकाची विचार करायची पद्धत उघडी पडते म्हणून जरा थांबतो.

त्यांच्या हिशोबात शरीराभोवती 'वेइछी' फिरते, म्हणजे पहारा देणारी शक्ती, दिवसा बाहेरून आणि रात्री आतून, चोवीस तासांच्या फेरीने. उन्हाळ्यात घुसलेली उष्णता त्वचेखाली दबा धरून बसते, शरदात वारा आणि गारवा लागला की ती जागी होते. हा बाहेरून आलेला शत्रू म्हणजे 'श्येछी'. पहारेकरी फिरत फिरत जिथे शत्रू बसलाय तिथे पोचला की गाठ पडते, झुंज लागते. यिन वरचढ झालं की थंडी, यांग वरचढ झालं की ताप, दोघं दमून वेगळे झाले की घाम आणि आराम. उद्या त्याच वेळी पहारेकरी परत तिथे पोचणार, म्हणून रोज त्याच वेळी ताप. वेळ पुढे का सरकते? तर शत्रू मानेच्या वर 'फंगफू' या जागी शिरतो आणि पाठीच्या कण्यावरून रोज एक मणका खाली उतरतो, त्यामुळे गाठ पडायला दररोज थोडा उशीर. पंचविसाव्या दिवशी तो माकडहाडापर्यंत येतो, मग आतल्या वाटेने वर चढायला लागतो आणि वेळ लवकर लवकर व्हायला लागते. आणि दिवसाआड का? तर शत्रू खोल गेलाय, आतल्या पडद्यापाशी, 'मोयुआन' म्हणतात त्या जागी, तिथून बाहेर यायची वाट लांब, पहाऱ्याची रोजची फेरी त्याला गाठू शकत नाही, म्हणून एक दिवस चुकतो.

आता आपल्याला माहितीये की यातलं मणक्यावरून उतरणं वगैरे काही होत नसतं. व्हायवॅक्स या मलेरियाच्या जातीचे परजीवी तांबड्या पेशीत वाढायला साधारण अठ्ठेचाळीस तास घेतात, मलेरिई नावाच्या जातीला बहात्तर लागतात, पेशी एकदम फुटल्या की थंडी भरते. पण प्रश्न बघा ना किती नेमका विचारलाय, 'वेळ' हीच या आजाराची किल्ली आहे हे त्यांना पक्कं कळलं होतं. आपल्याकडेही हे कळलेलं होतं, आयुर्वेदात विषमज्वरात अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे प्रकार आहेतच. मोजायची पद्धत मात्र वेगळी, गंमत म्हणून सांगतो. आपण ताप आला तो दिवसही मोजतो, म्हणून दिवसाआडच्या तापाला 'तृतीयक'. चिनी लोक मधलं अंतर बघतात, म्हणून आजच्या चिनीत व्हायवॅक्सला 'जियानर न्यूए', म्हणजे दिवस सोडून येणारा, आणि बहात्तर तासवाल्याला 'सानर न्यूए', तीन दिवसांचा, आपण त्यालाच चतुर्थक म्हणतो. रिपोर्ट हातात आला की हे लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळाल. फॅल्सिपेरम या जातीला 'अशिंग न्यूए', म्हणजे घातकी, आणि ते नाव अगदी योग्य आहे.

आता उपचाराकडे. वेळ हीच किल्ली, म्हणून उपचारही वेळेवर. 'सूवन' सांगतं की रसरसत्या तापात सुई टोचू नका, नाडीचा गोंधळ चाललाय तेव्हा नको, घाम निथळतोय तेव्हा नको. शत्रू जोरात असताना अंगावर जाल तर आपलंच नुकसान, तो ओसरलेला असताना जा. त्यावरून पुढे नियमच पडला की औषध किंवा सुई ताप यायच्या दोनेक तास आधी. मानेखालचा 'दाझुई', हाताच्या करंगळीकडच्या कडेचा 'होउशी', मनगटाच्या वरचा 'जियानशी' हे त्यातले नेहमीचे पॉइंट. याला म्हणतात 'जिए न्यूए', म्हणजे ताप वाटेतच अडवणं.

मला हे इतकं आवडलं होतं की छंगदूहून परत आल्यावर एकदा मीही तोंडघशी पडलो. सांगतो, कारण तुमची केस तशीच आहे. चाळिशीतले गृहस्थ, दिवसाआड ताप, संध्याकाळी पाचला. मी तीनला सुया लावल्या. त्या दिवशी ताप आलाच नाही. मी हवेत. काच पाठवायची होती, पण म्हटलं आता कशाला. पुढच्या पाळीला आलाच नाही तर काय मजा येईल असा विचार. पुढच्या पाळीला असा आला की माणूस खाटेवरून उठेना, काच केली तर व्हायवॅक्स. सुयांनी ताप थांबला होता की त्या दिवशी आपसूकच कमी आला होता हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही, कारण ज्यांना आधी कधी मलेरिया होऊन गेलाय त्यांचे ताप असे वेडेवाकडे येतात, आणि परजीवी रक्तात असूनही एखादी पाळी चुकू शकते. पण ताप न येणं म्हणजे परजीवी जाणं नव्हे, हे त्या गृहस्थांच्या जिवावर शिकलो. वाचले ते, पण माझी लाज जायची ती गेलीच.

आता तुमच्या वैद्यांनी दिलेल्या काढ्याबद्दल. 'श्याओ छाइहू थांग' सात जिनसांचा आहे, छाइहू, ह्वांगछिन, जिनसेंग, बानश्या, ज्येष्ठमध, आलं आणि चिनी खजूर म्हणतात तसली लाल बोरं. इसवी सन २००च्या आसपास जांग जोंगजिंगने सांगितलेला. शाओयांग म्हणजे आजार ना पूर्ण बाहेर ना पूर्ण आत, दाराच्या उंबऱ्यावर. थंडी आणि ताप आलटून पालटून, छातीबरगड्यांत भरून आल्यासारखं, जेवायची इच्छा नाही, मळमळ, तोंड कडू, घसा कोरडा, गरगरणं. अशा माणसाला मी हा काढा आजही देतो, फ्लू नंतर रेंगाळणाऱ्या तापात तर हमखास. पण आमच्या शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात एक भेद डोक्यात बसवला होता, थंडीताप आलटून पालटून येतोय पण वेळेचा धरबंध नाही, दिवसातून दोनदा-तीनदाही येतो, तर शाओयांग. ठरल्या वेळी येतोय तर न्यूए म्हणा. तुमचा चारही वेळा तीनला आलाय. म्हणजे चिनी वैद्यकाच्या स्वतःच्या हिशोबानेही मी 'शाओयांग' म्हणून थांबलो नसतो. नाडी 'श्येन', म्हणजे धनुष्याच्या ताणलेल्या दोरीसारखी लागली असेल तर तीही दोन्हीकडे लागते, न्यूएची नाडी मुळातच तशी असते असं जोंगजिंगच म्हणून ठेवतो. त्यामुळे नाडीवरून निवाडा होत नाही. वैद्यांना दोष देत नाही हं, तुम्ही त्यांना भारतातून आलोय हे सांगितलं होतं का, हा खरा प्रश्न आहे. चीनने जून २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून मलेरियामुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. तिथल्या तरुण वैद्याने आयुष्यात मलेरिया बघितलेलाच नसेल, त्याला आठवणार कसा? १९४०च्या दशकात त्याच देशात वर्षाला तीन कोटी लोकांना होत असे असा अंदाज आहे. त्या काळातल्या म्हाताऱ्या वैद्याने दारातूनच ओळखला असता.

न्यूए म्हणून पुढे गेलं की वाटा फुटतात. आधी थंडी मग ताप तो साधा प्रकार. आधी ताप आणि थंडी जेमतेम, तो 'वन न्यूए', उष्ण प्रकार, त्याला जिप्सम आणि दालचिनीची काडी असलेला 'बाइहू जिया ग्वेइझी थांग'. नुसतीच थंडी आणि ताप कमी, तहान नाही, तो थंड प्रकार. दक्षिणेकडचा, युन्नान आणि लिंगनानच्या दमट दऱ्यांतला 'जांग न्यूए', ज्यात माणूस बरळतो, शुद्ध हरपते, कावीळ होते, तो वेगळाच. आज बघता तो बहुतेक फॅल्सिपेरमच. १७६५ ते १७६९च्या बर्मा मोहिमेत चीनच्या छिंग राजवटीच्या सैन्याचे किती लोक लढाईआधी त्याच तापाने गेले. आणि जुनाट, थोडं काम केलं की परत उठणारा तो 'लाओ न्यूए'. पोटात डाव्या बाजूला गाठ झाली तर 'न्यूए मू', शब्दशः न्यूएची आई. वाढलेली प्लीहा हो ती! गडचिरोलीत लहान पोरांच्या पोटाला हात लावला की लागायची. त्यावर जोंगजिंगची गोळी आहे, कासवाच्या पाठीची, तेवीस जिनसांची, त्यात शेणकिडा आणि गांधीलमाशीचं पोळंही आहे. मी कधी वापरली नाही, मिळाली असती तरी वापरली नसती.

औषधांमध्ये दोन गोष्टी तुम्हाला ओळखीच्या वाटतील. एक 'बिनलांग', म्हणजे आपली सुपारी. दुसरी 'त्साओग्वो', मसाला वेलचीची भावंडं शोभेल अशी, तुम्ही तिकडे मटणाच्या सुपात खाल्ली असेल. १६४२ मध्ये वू यौखने साथीच्या तापांवर लिहिताना या दोन आणि 'होउपो' नावाची साल घेऊन काढा बांधला, मोयुआनमध्ये दडलेल्या शत्रूला हुसकवायला. सुपारी, त्साओग्वो, होउपो असं एकत्र बांधलेलं अजून एक औषध होतं, 'सात रत्नांचं', ताप अडवणारं, आणि त्यातला कर्ता होता 'छांगशान'.

छांगशान हे समजून घ्या, कारण लोकांना फक्त छिंगहाओ माहीत असतं. या झाडाची मुळी आणि त्याच झाडाची पानं, 'शूछी', ही चीनची मलेरियावरची जुनी आणि खरी दणदणीत औषधं. त्यातल्या फेब्रिफ्यूजिन या द्रव्यावर १९४०च्या दशकात, कुनैन मिळेना म्हणून युद्धाच्या काळात, चीनमध्ये आणि बाहेरही काम झालं. परजीवी मरतो, शंका नाही. पण भयंकर उलट्या होतात. आणि इथे जुन्या विचाराने कसा चकवा दिला बघा. वैद्यांचं म्हणणं होतं की कफाशिवाय न्यूए होत नाही. मग पेशंटने छांगशान पिऊन भडाभडा उलटी केली आणि ताप गेला, तर ते म्हणणार बघा, कफ पडला, म्हणून बरा झाला! विषारी परिणाम हाच पुरावा वाटला. वाइनमध्ये परतून उलटी कमी करायची युक्ती होती, पण पूर्ण नाही जात. त्यामुळे आज माणसांत ते वापरातून गेल्यासारखंच आहे. गंमत म्हणजे त्याच रसायनाचा एक भाऊबंद कोंबड्यांच्या आजारावर खाद्यातून देतात.

आणि आता छिंगहाओ. तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला वाटतं खरा हट्ट इथेच आहे.

चौथ्या शतकात गे होंग नावाचा वैद्य-ताओपंथी माणूस, तातडीच्या आजारांवरची हाताशी ठेवायची औषधं लिहून गेला. त्यात न्यूएवर चाळीसच्या वर उपाय आहेत, त्यातला एक ओळीचा: छिंगहाओ मूठभर घ्या, दोन शंग (हे जुनं चिनी माप) पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या. उकळा असं कुठेही नाही. पुढच्या शतकांतल्या वैद्यांनी मात्र छिंगहाओ काढ्यातच वापरला, तोही बहुतेक रात्री येणाऱ्या बारीक तापाला, हाडातली उष्णता म्हणतात तसल्याला. म्हणजे मलेरियाचं औषध म्हणून ते त्यांच्याही पहिल्या पानावर नव्हतं. ते होतं छांगशान.

२३ मे १९६७ला चीनने गुप्त प्रकल्प सुरू केला, तारखेवरूनच नाव '५२३', व्हिएतनामच्या जंगलात सैनिक गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त हैराण होते म्हणून. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक औषधांच्या संस्थेतल्या थू योयो यात आल्या. दोन हजारांच्या आसपास नुस्खे गोळा केले, दोनशेक वनस्पतींचे तीनशे ऐंशीच्या वर अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. मग गे होंगची ती ओळ परत वाचताना त्यांच्या लक्षात आलं की बाबा, उष्णतेने तर काम बिघडत नाही ना? इथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि ४ ऑक्टोबर १९७१ला नमुना क्रमांक १९१ने उंदरांतले परजीवी शंभर टक्के साफ केले. पेशंटना देण्याआधी १९७२ मध्ये थू योयो आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला, मग हायनानमध्ये पेशंटवर. २०१५ मध्ये नोबेल.

आता यातून तुम्ही काय घ्यायचं ते घ्या, मी काय घेतलं ते सांगतो. पोथीने दिशा दिली, पण पोथीतल्या यिन-यांगने नाही, तर पोथीतल्या कृतीने, 'भिजवा आणि पिळा' या दोन शब्दांनी. आणि शेवटी जे औषध झालं ते चहा नाही, ते एक शुद्ध रसायन आहे, मोजून दिलेलं. तुम्ही उकळत्या पाण्यात टाकलेला छिंगहाओ म्हणजे गे होंगचाही उपाय नाही आणि थू योयोचाही नाही. वर दुकानात 'छिंगहाओ' म्हणून जे मिळतं ते नक्की कोणतं झाड हा जुना वाद आहे, आर्टेमिसिनिन, म्हणजे थू योयोंच्या अर्कातलं ते रसायन, ज्यात असतं त्याला वनस्पतीशास्त्रवाले आर्टेमिसिया ॲनुआ म्हणतात, आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पूर्वी छिंगहाओ म्हणून वापरल्या गेलेल्या दुसऱ्या जातीत ते नसतंच. पानात किती आहे ते जमिनीवर, हंगामावर, वाळवण्यावर. त्यात हे द्रव्य रक्तातून काही तासात निघून जातं, म्हणून एकटं दिलं तर परजीवी बऱ्यापैकी मरतात आणि उरलेले परत डोकं वर काढतात, म्हणूनच आता ते नेहमी दुसऱ्या, रेंगाळणाऱ्या औषधाच्या जोडीने देतात. चहातून तुम्ही देणार अपुरा डोस, एकट्याने, परत परत. पेशंटचं नुकसान ते वेगळं, असल्या अपुऱ्या डोसाने परजीवी निर्ढावतात ते वेगळं. कंबोडियाच्या सीमेवर निर्ढावलेले सापडलेच आहेत. जागतिक आरोग्य संघटना या चहाला आणि पानांच्या कॅप्सूलला सरळ नको म्हणते आणि याबाबत माझंही तेच मत आहे.

अजून एक, जे तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. दिवसाआड ताप, भारतातून गेलेला माणूस, म्हणजे व्हायवॅक्सची शक्यता दांडगी. शक्यता म्हणतोय, कारण फॅल्सिपेरमही सुरुवातीला असाच येऊ शकतो, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, काच ठरवेल. पण व्हायवॅक्स असेल तर तो लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत उठतो. त्या झोपलेल्यांवर आर्टेमिसिनिनचा काही उपयोग नाही, चहाचा तर नाहीच. त्यासाठी प्रायमाक्विन लागतं, आपल्याकडे चौदा दिवस देतात. 'लाओ न्यूए', दमलं की परत येणारा न्यूए, म्हणून जुन्यांनी जे लिहिलंय त्यातले किती तरी हेच लिव्हरमधले झोपलेले असणार. त्यांनी त्यावर 'हरन यिन' नावाचा काढा दिला, हशौवू आणि जिनसेंगसारखी ताकद भरणारी औषधं, कारण त्यांना दिसत होतं की माणूस खंगलाय. दिसत होतं ते खरंच होतं, झोपलेला तेवढा दिसत नव्हता.

प्रायमाक्विन घ्यायच्या आधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची टेस्ट करायला सांगा, विसरू नका. ते एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. ग्वांगदोंगमध्ये हे एन्झाइम कमी असलेले लोक बरेच आहेत, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना नवीन नाही, चिनीत 'त्सानदोउ बिंग' म्हणाल तर लगेच कळेल, एका जातीच्या शेंगांच्या दाण्यांवरून नाव पडलंय कारण ते खाऊनही तसंच होतं. आपल्या काही समाजांतही आहे, तेव्हा मला काही होत नाही असं धरून चालू नका.

आणि हॉस्पिटलला घाबरू नका. मलेरियाची केस कळवणं तिथे बंधनकारक आहे, एका दिवसात कळवायचं, तीन दिवसात चौकशी, सात दिवसात आजूबाजूचा बंदोबस्त, असा त्यांचा एक-तीन-सातचा नियम आहे. दारात माणसं येतील, प्रश्न विचारतील, मालकीणबाई थोडी वैतागेल. तुमच्यावर कारवाई वगैरे नसते ती. चीनमधल्या पारंपरिक औषधांच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलात तरी आधी काचच घेतील. आमच्या छंगदूच्या शिक्षकांकडे थंडीतापाचा पेशंट आला की ते नाडी बघायचे, जीभ बघायचे, छान पाच मिनिटं आम्हाला शाओयांग शिकवायचे आणि चिठ्ठीवर पहिली ओळ लिहायचे 'रक्त तपासणी'. काढा दुसऱ्या ओळीवर.

मग चिनी औषधाला जागा कुठेच नाही का? आहे, पण ती परजीवी गेल्यानंतर. मलेरियातून उठलेला माणूस महिनाभर दमलेला असतो, तोंडाला चव नसते, जिना चढला की घाम, रात्री झोप नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण आणि काच साफ, की मग मी सुया आणि काढे यांचा बिनधास्त वापर करतो, आणि पेशंट सांगतात बरं वाटतंय. हे किती औषधाने आणि किती दिवस गेल्याने, मला वेगळं काढता येत नाही, आणि काढता येतं असं सांगणाऱ्याकडे जरा जपून बघा. वय, हिमोग्लोबिन, आधीचं लिव्हर, गरोदरपण, चालू असलेली बाकी औषधं, यावर काढा बदलतो, म्हणून इथे प्रमाण लिहून देत नाही, मागूही नका.

तुमच्याकडे आत्ता जो सात दिवसांचा काढा आहे तो सध्या बाजूला ठेवा. एकदोन दिवस घेतला असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त डॉक्टरांना सांगा की घेतलाय, पुडीवरचं नाव दाखवा. क्रोसिनसारखं काही घेऊन ताप दाबत असाल तर तेही सांगा. आणि एक वही करा, हे मी चिनी वैद्यकाकडूनच उचललंय, तापाची तारीख, थंडी किती वाजता सुरू झाली, ताप किती वाजता चढला, घाम कधी सुटला. चार ओळीच होतील तुमच्या. त्या डॉक्टरांसमोर ठेवा, भाषा अडली तरी ते आकडे बोलतील.

रिपोर्ट आला की त्यावर जियानर लिहिलंय की अशिंग, तेवढं इथे टाका. त्यावरून पुढचं बोलू.